पुलाच्या नाण्याचा रंग

आमच्या ह्यांचा जन्मात कुणावर पुरता विश्वास बसला असेल, तर तो उत्तरेकडच्या खिडकीवर. माणसांवर नाही. लग्न होऊन मी नवीन आले होते, तेव्हा एकदा ब्लाउजला लावायला दोरा आणला. हे दोरा आणि कापड घेऊन खिडकीशी गेले आणि म्हणाले, "दुकानात दिव्याखाली बघितलास ना? जुळत नाही." मी म्हटलं, "मला तर जुळतोय." दुसऱ्या दिवशी शिवून उन्हात उभी राहिले, तर प्रत्येक टाका वेगळा दिसत होता. त्याला मी काय करू? माणूस नुसता संशयी असता तर निभावलं असतं. पण हे संशयी, आणि वर बहुतेक वेळा बरोबर निघायचे. त्यामुळे ज्या दिवशी चुकायचे त्या दिवशी भांडायला कुणाच्या अंगात बळच उरलेलं नसायचं.

कापडाच्या कारखान्यात ते शेड जुळवायचे. म्हणजे गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा पाठवायचं, असाच रंग हवा म्हणून. रंगखात्यातले लोक तसा रंग काढायचे, आणि तो जुळला की नाही हे सांगायचं काम ह्यांचं. टेबल उत्तरेच्या खिडकीखाली, कारण तिकडचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. वर दिवा लावायचा नाही. दोन तुकडे शेजारी ठेवायचे, एकदा बघायचं आणि म्हणायचं "पास" किंवा "परत". परत म्हटलं की अख्खा लॉट परत, मग समोरचा कितीही हात जोडो. मागून लोक काय काय बोलायचे ते मला ठाऊक आहे, ते इथे सांगण्यासारखं नाही. समोर मात्र "उजेडसाहेब" म्हणायचे. तेच नाव पुढे आमच्या गल्लीतही पसरलं, कारण हे टोमॅटोसुद्धा दुकानाबाहेर उन्हात नेऊन निवडायचे.

असल्या माणसाला नाण्यांचा नाद लागावा, आणि तोही रंग चढलेल्या नाण्यांचा, म्हणजे आधीच मर्कट, त्यातही मद्य प्याला. एखाद्या मोठ्या प्रसंगाची आठवण म्हणून सरकार चांदीचं नाणं काढतं, स्मारक नाणं. ते पुठ्ठ्याच्या पाकिटात, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलं की हवेनं आणि कागदानं त्याच्यावर रंग चढतो, काठाकडून आत. मला विचाराल तर ते काळं पडणं झालं. माझी चांदीची वाटी काळी पडली की मी घासते. पण ह्या लोकांत त्याला टोनिंग म्हणतात आणि रंग सुरेख असला तर जीव ओवाळून टाकतात. आता जिथे लोक जीव ओवाळतात तिथे लबाडी आलीच. कुणी नाण्याला गंधकाची धुरी देतं, कुणी उकडलेल्या अंड्याबरोबर बरणीत कोंडतं, कुणी तव्यावर शेकतं, आणि पन्नास वर्षांचा रंग चार दिवसांत चढवून विकतं. त्यामुळे हे दुकानात शिरले की नाणीवाल्याला घाम फुटायचा. हे भिंग उजव्या डोळ्याला लावायचे, नाणं उजेडात तिरपं धरायचे आणि शांतपणे विचारायचे, "अंडं कोंबडीचं होतं की बदकाचं?"

डब्यात नाणी बरीच होती, पण ह्यांचा जीव एकातच अडकलेला. नदीवरचा मोठा पूल खुला झाला त्या वर्षी निघालेलं नाणं, एका बाजूला पुलाच्या कमानी. आमची लेक माझ्या पोटात होती तेव्हा ह्यांनी स्वतः रांगेत उभं राहून ते घेतलं होतं. तेव्हापासून ते मूळच्या पुठ्ठ्यात, आमच्याच कपाटात, दुसऱ्या कुणाचा हात न लागता. हे सांगायचे की मधोमध मधाचा पिवळा आहे, बाहेर तांबूस, आणि अगदी काठाशी जुन्या पितळेवर येते तशी हिरवट झाक. मला त्या काठाशी निळं दिसायचं. पण हे मध म्हणाले की मी मध म्हणायचे. रंगाच्या बाबतीत ह्यांच्या तोंडी लागणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

हे नाणं लेकीला द्यायचं ठरलं होतं. पण द्यायचं ते त्याची श्रेणी ठरवून, म्हणजे पुढेमागे कुणी तिला फसवायला नको.

श्रेणी देणारी कचेरी दुसऱ्या शहरात. तिथे तीन तज्ज्ञ एकमेकांशी न बोलता नाणं बघतात, प्रत्येक जण आपला आकडा लिहितो, आणि मग नाणं जाड पारदर्शक डबीत सीलबंद होऊन चिठ्ठीसकट परत येतं. ह्यांचा त्या तिघांवर काडीचा विश्वास नव्हता. मागे एक नाणं पाठवलं तर मधली श्रेणी आली. ह्यांनी पकडीनं डबी फोडली, तेच नाणं पुन्हा पाठवलं, आणि या खेपेला वरची श्रेणी आली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हे मात्र जेवताना पुटपुटत बसायचे, "पहिल्यांदा खोटं बोलले की दुसऱ्यांदा?"

मी म्हटलं, "अहो, तिघांचे डोळे तीन तऱ्हेचे असणार. आणि सकाळी ताजा असलेला माणूस संध्याकाळी तसाच असतो का?"

"डोळा म्हणजे डोळा," हे म्हणाले. "वेगळं दिसलं याचा अर्थ कुणीतरी नीट बघितलं नाही, नाहीतर कुणीतरी काहीतरी खाल्लं."

तर आता जावई. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कामाला आहे, आणि कामासाठी त्या शहरी त्याच्या फेऱ्या असतात. कमी बोलणारा, मान खाली घालून जेवणारा मुलगा. मला पहिल्यापासून आवडलेला. ह्यांना तेच खटकायचं. म्हणायचे, "जो बोलत नाही तो मनात काय शिजवतोय हे कसं कळायचं?" मी म्हणायचे, "आणि जो बोलतो त्याला तुम्ही थापाड्या म्हणता. मग माणसानं करावं तरी काय?" तर तोच जावई आपणहून म्हणाला, "बाबा, कुरियर कशाला? मी हातानं देतो, हातानं आणतो." ह्यांनी नाणं दिलं खरं, पण देताना इतक्या सूचना केल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटेत कुणाला दाखवायचं नाही, हॉटेलच्या खोलीत ठेवायचं नाही, बॅगेत टाकायचं नाही. जावयानं सगळ्याला "हो बाबा" म्हटलं.

नाणं तिकडे गेलं आणि इकडे ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा नंतर करू म्हणाले डॉक्टर. ह्यांनी डॉक्टरांनाही सोडलं नाही. डोळ्यात बसवायचं भिंग कोणत्या कंपनीचं, खोका दाखवा, खोक्याचं सील दाखवा. ऑपरेशन छान झालं. पण काही आठवडे वाकायचं नाही, डोळ्याला भिंग लावायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं. मग काय, बसल्या जागी ह्यांना दुसरं काम नाही. "पडद्यांना नीळ जास्त घातलीस." घातली नव्हती. "हा शर्ट माझा नाही, इस्त्रीवाल्यानं बदलला." शर्ट ह्यांचाच, कॉलरला माझा टाका. "भिंतीला रंग कधी दिला?" मी म्हटलं, "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी एका हातानं डबा करत होते आणि दुसऱ्या हातानं भिंती रंगवत होते." हे हसले नाहीत. म्हणाले, "नवा डोळा बसल्यापासून एकेकाची लबाडी दिसायला लागलीय." आणि मला ते नेहमीचंच वाटलं. चाळीस वर्षं जो माणूस शंका घेतो, त्याची एखादी शंका वेगळी आहे हे बायकोला तरी कसं कळावं?

पुढच्या फेरीत जावयानं नाणं परत आणलं. लेक आणि तो, दोघं आले होते. मी पोळ्या लाटत होते, जावई ताटावर बसला होता. डबीतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: नाणं अस्सल, रंग शंकास्पद, श्रेणी नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. पण हे उठले. डबी घेऊन खिडकीशी गेले, भिंग काढलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उजव्या डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं. मग वळून म्हणाले, "हे माझं नाणं नाही."

मी हात पुसत बाहेर आले. "म्हणजे काय?"

"काठाशी मोरपिशी, आत जांभळं. असला भडक रंग बरणीतून निघतो. कचेरीवाल्यांनी बरोबर लिहिलंय, हे शेकलेलं आहे. माझं कुठे गेलं ते यांना विचार." आणि जावयाकडे बोट.

जावई म्हणाला, "बाबा, ते सीलबंद आहे. त्यांनी दिलं तसं आणलंय."

"सील काय, मीही फोडलंय पकडीनं. वाटेत कुठे थांबला होतात? कुणाला दाखवलंत? आणि ती नवी मोटारसायकल कधी घेतलीत?"

मी नाणं हातात घेऊन पाहिलं. मला ते होतं तसंच दिसत होतं, आणि तसं मी म्हटलंही. हे म्हणाले, "तू गप्प बस, तुला त्यातलं कळत नाही." खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की आपणच कधी नीट पाहिलं नसेल. आणि तेवढ्या क्षणात माझीही नजर जावयाच्या चेहऱ्यावर गेली. ती त्यानं बघितली. त्यानं ताट बाजूला सरकवलं, "आई, येतो" म्हणाला आणि पायात चप्पल सरकवून जिना उतरला. लेक उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या नवऱ्याला चोर म्हणालात. त्याच्या तोंडावर शब्द परत घ्याल त्या दिवशी मी या घरात येईन." आणि ती गेली.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फोन केला तर लेक माझ्याशी बोलायची, पण ह्यांचं नाव काढलं की "आई, कुकर लागलाय" म्हणून ठेवायची. एकुलती एक पोर, आणि एका चांदीच्या चकतीपायी तुटतेय. हे मात्र पोलिसात जायची भाषा करत होते. मी सांगितलं, "जा, पण मग परत येताना स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायच्या तयारीनं या." तेवढ्यानं ते थांबले. पण पुरावा गोळा करायचं खूळ डोक्यात बसलं, आणि त्यासाठी एक दिवस सगळा डबा खिडकीशी घेऊन बसले.

तासाभरानं मला हाक मारली. चेहरा उतरलेला. "सगळी बदललीत."

"काय सगळी?"

"नाणी. डब्यातली एकूण एक. एकाचाही रंग माझा नाही."

"अहो, पण डबा त्याच्या हाती लागला कधी?"

"मी दवाखान्यात होतो तेव्हा तो घरी आला होता का?"

"आला होता. तुमची चप्पल न्यायला."

"बघ."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "चप्पल शोधता शोधता त्यानं कपाट उघडलं, डबा काढला, सगळ्या नाण्यांची जोडीदार नाणी खिशातून काढून ठेवली, तुमची उचलली, आणि चप्पल घेऊन गेला. आणि एवढी अंडी कुणी उकडली? मी? मलाही धरा त्यात. आहोतच आम्ही सगळे चोर, एक तुम्ही तेवढे साव." बोलता बोलता मला रडू आलं. हे म्हणाले, "थांब, तुला दाखवतो. मग तरी पटेल."

माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी शेडकार्ड काढलं. कारखान्यातलं, जाड पुठ्ठ्यावर कापडाचे छोटे तुकडे चिकटवलेलं, खाली ह्यांची सही. निवृत्त होताना तेवढंच एक मागून घेतलं होतं. त्यातला मधाच्या रंगाचा तुकडा आणि पुलाच्या नाण्याचा मधला रंग एक आहे, असं हे नेहमी पाहुण्यांना दाखवायचे. कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, शेजारी नाणं, आणि उजव्या डोळ्याला भिंग लावलं. मी पदरानं डोळे पुसत दारात उभी. बघता बघता ह्यांचा हात थांबला.

"हे कार्डही बदललंय," हे म्हणाले.

बोलून गेले, आणि तसेच बसले. जुन्या कापडाचे तुकडे चिकटवलेला पुठ्ठा कोण चोरील, आणि चोरून तसाच दुसरा ह्यांच्या सहीसकट कशाला आणून ठेवील? मग ह्यांनी भिंग खाली ठेवलं आणि उजवा डोळा तळहातानं झाकला. डाव्यानं कार्ड बघितलं, नाणं बघितलं. मग हात बदलून डावा झाकला. पुन्हा उजवा. किती वेळा केलं असेल कोण जाणे. मला भीती वाटायला लागली.

"हा डोळा पास म्हणतोय," शेवटी म्हणाले. "हा परत म्हणतोय."

मी जवळ जाऊन बसले. हे हळूहळू बोलायला लागले, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याला सगळं पिवळट दिसतंय, आणि त्या पिवळेपणालाच आपण इतकी वर्षं मध म्हणत आलो. उजव्याला आता निळं दिसतंय, आणि बाजारात कुणी असलं निळं नाणं पुढे केलं असतं तर आपणच ते परत केलं असतं. त्या तिघांनी दुसरं काय केलं? "नाणं खरं आहे, रंगही आपल्या कपाटातच चढलाय, हे मला माहीत आहे. आणि तरी डोळा म्हणतोय खोटं." मग एकदम म्हणाले, "नोकरीच्या शेवटी शेवटी रंगखात्याचा मास्तर निळे काढायचा आणि मी रोज परत पाठवायचो. त्याला वाटायचं मी डूख धरलाय." तो मास्तर आता हयात नाही. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्हींतून. लग्नानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही लेकीकडे गेलो. कळवून गेलो नाही, कारण कळवलं असतं तर ती नको म्हणाली असती. दार जावयानंच उघडलं. "या बाबा. या आई." पाणी आणलं, पंखा लावला, वागण्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. लेक आतून आली, माझ्याकडे बघून थोडंसं हसली, ह्यांच्याकडे बघितलं नाही, चहा ठेवायला गेली.

हे खुर्चीच्या कडेला बसले होते. येताना वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरले. म्हणाले, "माझं चुकलं. तुमच्याकडे काही खोट नव्हती. माझ्या डोळ्याचा दोष होता, आणि मी तो तुमच्या माथी मारला." मग कार्डाचं, डाव्या उजव्याचं, सगळं सांगितलं. लेक चहा घेऊन दारात थांबली होती. तिचे डोळे भरले होते.

जावई म्हणाला, "असू द्या बाबा. होतं असं." फार लवकर म्हणाला.

ह्यांनी खिशातून डबी काढून त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. "हे आता तुमचं. लेकीला नाही देत, तुम्हाला देतो."

जावयानं हात गुडघ्यांमध्ये धरले होते, ते हलले नाहीत. डबीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. "तुमच्याकडेच ठेवा, बाबा."

"अहो, मी मनापासून देतोय. घ्या."

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय ना अजून?"

"हो. पुढच्या महिन्यात."

"मग ते होऊ द्या," जावई म्हणाला. आवाजात राग नव्हता. "नंतर बघू."

लेकीनं कप पुढे केले. आम्ही चहा घेतला, हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या, लिफ्टच्या कामाची चौकशी झाली. डबी टेबलावर तशीच होती. निघताना हे ती तिथेच ठेवून वळले, तर जावयानं तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बाबा, तुमचं राहिलं." उचलून हातात दिलं नाही. ह्यांनी परत जाऊन ती घेतली. लेक दारापर्यंत आली, मला मिठी मारली, ह्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "ऑपरेशनच्या दिवशी मी येते, बाबा." मी येते म्हणाली. आम्ही येतो म्हणाली नाही.

जिना उतरून रस्त्यावर आलो. हे फाटकाशी थांबले, वर त्यांच्या गॅलरीकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं. मग माझ्याकडे वळले. चाळीस वर्षांत ह्यांनी कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"मला काही कळलं नाही गं त्याच्या चेहऱ्यावरून. तुला काय दिसलं?"

खोटं बोलायला जीभ वळली होती, पण वळू दिली नाही. मी म्हटलं, "आपण कधी उठतो याची तो वाट बघत होता."